घरी गाण्याची बैठक कशी भरवावी

शास्त्रीय गाण्याची बैठक घरी भरवायची असेल, तर पहिला निर्णय कलाकाराचा नसून खोलीचा असतो. बारा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यात कलाकारांसाठी सहा-सात फूट सोडले, की मांडी घालून पंचवीसच्या आसपास श्रोते बसतात, तेवढ्यांनाच बोलवावे. संख्या त्यापुढे गेली, की कोणीतरी ध्वनिक्षेपकाची सूचना करतो आणि घरी गाणे ठेवण्याचे मुख्य कारणच निघून जाते. गायकाचा श्वास आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, मधल्या यंत्राविना कानावर पडावी, यासाठीच हा खटाटोप असतो.

कलाकार ठरला, की त्याची पट्टी, म्हणजे तो ज्या सुरावर आपला षड्ज (सा) धरतो तो सूर, त्याच दिवशी विचारून साथीदारांना कळवावी. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या गायकाला लहान तोंडाचा तबला लागतो, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा ढाला. एक तबला ओढून-उतरवून दोन्हीकडे चालत नाही. आमच्या पहिल्या बैठकीत मी हे कळवायला विसरलो आणि दुसरा तबला येईपर्यंत पाऊण तास श्रोत्यांनी चहावर काढला. पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नसल्याने तानपुरेही तिच्याशीच जुळवावे लागतात. ते दोन तास आधी खोलीत आणून ठेवावेत आणि वातानुकूलन लावायचेच असेल, तर तेव्हापासून लावावे; खोलीचे तापमान मध्येच बदलले, की तारा उतरतात किंवा चढतात. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडते, म्हणून जुळवणीला जास्त वेळ धरावा. फ्रिजची घरघर एरवी ऐकू येत नाही, परंतु संथ लयीच्या विलंबित ख्यालात ती गायिकेच्या षड्जाशी भांडू लागते. तो तेवढा वेळ बंद ठेवावा.

गायकाची पाठ भिंतीकडे, तबला त्याच्या उजव्या हाताला, पेटी डावीकडे आणि तानपुरे मागे, ही मांडणी सोयीची आहे. खुर्च्या भिंतीलगत मागे ठेवाव्यात, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते आणि पुढे बसलेल्यांच्या दृष्टीआड कोणी येत नाही.

वेळेबाबत माझा आग्रह रविवारी सकाळी सातचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई असल्यामुळे मैफल सकाळपर्यंत चालत नाही आणि मोठे कार्यक्रम बहुधा संध्याकाळचेच असल्यामुळे भटियार, तोडी, देसकार हे सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायला फारसे मिळत नाहीत. घरच्या बैठकीत ते सहज मिळतात. शेजाऱ्यांना आधी सांगावे. त्याहून बरे म्हणजे त्यांना आमंत्रणच द्यावे, कारण जो ऐकायला येतो तो तक्रार करत नाही.

पैशांची बोलणी संकोचापोटी टाळली जातात आणि मग भुर्दंड कलाकाराला पडतो. मानधन आधी ठरवावे, तबला व पेटीच्या साथीदारांचे पाकीट वेगळे करून त्यांच्याच हातात द्यावे, आणि दाराशी ठेवलेल्या डब्यात किती जमले यावर मानधनाचा आकडा कधीही अवलंबून ठेवू नये. आठ-दहा कुटुंबांनी वर्षाची वर्गणी काढून आळीपाळीने आपापल्या घरी बैठक ठेवली, तर एकावर बोजा येत नाही. पुण्यात गायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज स्थापन केला, तोही गाण्याची आस्था असलेल्यांच्याच बळावर. आपला गट त्याहून कितीतरी लहान असला, तरी हिशेबाची वही मात्र हवी.

ध्वनिमुद्रणासाठी कलाकाराची परवानगी आधी घ्यावी आणि ती नसेल, तर सुरुवातीलाच तसे जाहीर करावे. दाद मोकळेपणाने द्यावी, परंतु समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी नव्हे. गाणे संपल्यावर पोहे आणि चहा ठेवावा. कलाकार श्रोत्यांमध्ये बसून बोलू लागतो तो तेव्हाच, आणि पुढची बैठक कोणाच्या घरी हेही तिथेच ठरते.