ऑटोकॅडमध्ये वेग हवा असेल तर आधी युनिट पक्कं करा

जळगाव-धुळ्याकडे ऑटोकॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या, क्लासमधून बाहेर पडलेल्या पोरांना एल (लाइन), टीआर (ट्रिम), ओ (ऑफसेट), सीओ (कॉपी) हे शॉर्टकट तोंडपाठ असतात. तरी ऑफिसात बसवलं की साधा रो-हाउसचा प्लॅन संपता संपत नाही. बोटं हळू चालतात असं नाही, केलेलंच काम पुन्हा करावं लागतं. आणि बहुतेक वेळा मुळाशी युनिट, म्हणजे मापाचं एकक, असतं.

आपल्याकडे घोळ ठरलेला. मोजणीची शीट मीटरमध्ये, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, अन् मालक आणि ठेकेदार दोघं फुटात. "नऊ बाय पंधरा म्हणजे तीस बाय पन्नासच की भो!" हे बोलायला ठीक आहे. काढायला नाही. ९ × १५ मीटर म्हणजे १३५ चौरस मीटर, ३० × ५० फूट म्हणजे १३९.३५. रुंदीत १४ सेंटिमीटर आणि लांबीत २४ सेंटिमीटर फुकटचे घुसले. ते शेवटी सामासिक अंतरातूनच, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेतूनच, जाणार आणि नकाशा परत येणार.

आता खरा सापळा. युनिट्सच्या खिडकीत मीटरचं मिलिमीटर केलं म्हणून काढलेली रेघ बदलत नाही. बदलतो तो फक्त फाइलवरचा शिक्का, म्हणजे इन्सयुनिट्स. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये फाइल इन्सर्ट करताना ऑटोकॅड हा शिक्का बघून स्केल ठरवतं. सर्व्हेअरने आकडे मीटरमध्ये घेतले पण फाइलवर शिक्का इंचाचा राहिला, की तुमच्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये १५ मीटरची बाजू ३८१ दिसते, कारण १५ × २५.४. शिक्का मिलिमीटरचा असेल तर नुसती १५ दिसते. असा ठिपका दिसला की लोक अंदाजाने स्केल मारत बसतात. अजिबात नको. सर्व्हेची फाइल वेगळी उघडा, माहीत असलेली बाजू डिस्ट या अंतर मोजायच्या कमांडने मोजा. १५ आलं तर आकडे मीटरमध्येच आहेत. शिक्का मीटरचा करा, सेव्ह करा, मग इन्सर्ट करा. आकडेच बदलायचे असतील तर हायफन लावून डीडब्ल्यूजीयुनिट्स ही कमांड आहे.

आणखी एक: युनिटचा प्रकार आर्किटेक्चरल ठेवला की एक युनिट म्हणजे एक इंच. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये तिथे १०' टाइप केलं तर १२० मिलिमीटरची भिंत मिळते.

मोजणीच्या शीटचा मोबाइलवर काढलेला फोटो अलाइन कमांडने दोन बिंदूंवर बसवता येतो, पण तिसरी बाजू मोजल्याशिवाय त्यावर रेघ ओढू नका. फोटो तिरका असतो.

घाबरू नका, हे एकदाच करायचं आहे. युनिट, लेयर (ड्रॉइंगचे थर), डायमेन्शन स्टाइल (मापं लिहायची पद्धत) आणि टायटल ब्लॉक (नाव-तपशिलाची चौकट) लावून एक डीडब्ल्यूटी टेम्प्लेट, म्हणजे कोरी तयार फाइल, बनवा. मीटरची वेगळी, मिलिमीटरची वेगळी. ब्लॉक, म्हणजे दार-खिडकीसारखी पुन्हा पुन्हा लागणारी चित्रं, शून्य लेयरवर काढा, रंग बायलेयर, म्हणजे लेयरचाच. शॉर्टकट पीजीपी फाइलमध्ये असतात; बदलायचे तर पाच-सहाच बदला आणि ते लागू व्हायला रीइनिट कमांड द्या. पन्नास शॉर्टकटचा तक्ता भिंतीवर चिकटवणाऱ्याचा वेग वाढलेला पाहण्यात नाही.

माप जुळत नाही म्हणून डायमेन्शनवर हाताने आकडा लिहिणं ही शुद्ध फसवणूक आहे, सीनियरने सांगितलं तरी. तिथे <> टाकलं की खरं माप परत येतं. पेनड्राइव्हमधून आलेली लिस्पही (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) न वाचता लोड करू नका. प्रत्येक फोल्डरमध्ये एसीएडी डॉट एलएसपी आपोआप उगवू लागली तर तो बहुधा व्हायरस असतो.

लाइट जाते, म्हणून सेव्हटाइम, म्हणजे फाइल आपोआप सेव्ह व्हायची वेळ, १० वरून ५ मिनिटांवर आणा. मशीन अचानक बंद पडलं तर टेम्प फोल्डरमधली एसव्ही-डॉलर (.sv$) ही आपोआप सेव्ह झालेली फाइल आधी दुसरीकडे कॉपी करा, मग तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी करून उघडा. ड्रॉइंग नीट बंद केलं की ती फाइल पुसली जाते, तेव्हा नंतर शोधू नका.