कचरागाडी येण्याआधी

नव्या पत्त्यावर राहायला गेलात की खोकी उघडण्याआधी एक काम उरकून टाका. शहराच्या कचरा विभागाचं वेळापत्रक आणि ‘काय घेतो, काय घेत नाही’ ही यादी मिळवा आणि रोज नजर जाईल अशा जागी चिकटवा. आधीच्या शहरात काय चालायचं ते विसरा. काचेची बाटली, मेण किंवा प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं खोकं, पातळ प्लॅस्टिकचा डबा हे एका शहरात चालतं आणि शेजारच्या शहरात चालत नाही. यात कोणाचा लहरीपणा नसतो. तिथल्या वर्गीकरण केंद्रात कोणती यंत्रं आहेत आणि वेगळा काढलेला माल विकत घ्यायला कोणी आहे का, यावर ही यादी ठरते. चीनने २०१८ साली बाहेरून येणाऱ्या भंगाराच्या बहुतेक प्रकारांत ०.५ टक्क्याहून जास्त भेसळ चालणार नाही असा नियम लावला आणि कितीतरी देशांतल्या शहरांना आपापल्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. तेव्हा यादी हातात आली की ती कोणत्या वर्षाची आहे तेही बघा.

वेळापत्रक वाचताना फक्त वार बघून थांबू नका. बऱ्याच ठिकाणी साधा कचरा दर आठवड्याला उचलतात, रिसायकलिंगची गाडी एक आठवडा सोडून येते आणि बागेतला कचरा हंगामापुरताच नेतात. सार्वजनिक सुट्टी आली की पुढचे सगळे वार एकेक दिवस सरकतात का, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आठवड्याआडचा वार लक्षात राहत नाही, कितीही ठरवलं तरी. फोनमध्ये आदल्या संध्याकाळची आठवण लावून ठेवणं बरं.

आता डबे. शहराने दिलेले चाकांचे डबे असतील तर कोणत्या रंगाचा कशासाठी हे घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा, कळेल असं काहीतरी झाकणावर लिहा. घरात मात्र दोन पेट्या शेजारी-शेजारी हव्यात. रिसायकलिंगची पेटी गॅलरीत आणि कचऱ्याची ओट्याखाली असेल, तर डब्यात काय जाणार ते आळसच ठरवतो.

रिसायकलिंगच्या डब्यासाठीची तयारी तीन शब्दांत सांगता येते: रिकामं, कोरडं, सुटं. रिकामं म्हणजे साबणाने घासून चकचकीत केलेलं नव्हे. डब्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून काढलं आणि भांडी धुतलेल्या पाण्यात एकदा विसळलं की पुरे. कोरडेपणाचं महत्त्व लोकांना कळत नाही, पण खरी नासाडी तिथेच होते. अर्ध्या भरलेल्या बाटलीतलं पेय सांडलं की आसपासचा सगळा कागद भिजतो. कागदाचा धागा तसाही दर फेरीला आखूड होत जातो, साधारण पाच ते सात वेळाच त्याचा कागद पुन्हा बनवता येतो. भिजून कुजायला लागलेला कागद तर पहिल्याच फेरीत बाद होतो. म्हणून पावसात झाकण उघडं टाकून पुठ्ठा बाहेर ठेवू नका.

सुटं म्हणजे पिशवीत न बांधलेलं. केंद्रात सरकत्या पट्ट्यावरून माल वेगाने जातो आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं नको ते हाताने उचलून काढतात. बांधलेल्या पिशवीत काय आहे हे उघडून बघायला त्यांना वेळ नसतो, त्यामुळे पिशवी आतल्या चांगल्या मालासकट कचऱ्यात जाते. सुट्या पातळ पिशव्यांचा त्रास तर आणखी मोठा. कागद आणि डबे वेगळे करणाऱ्या फिरत्या चकत्यांच्या दांड्यांना त्या गुंडाळल्या जातात, मग अख्खी ओळ बंद करून कोणीतरी आत उतरतं आणि सुरीने कापून त्या काढतं. बागेचा रबरी पाइप, वायरी, दिव्यांच्या माळा, जुने कपडे यांचंही तेच. या एका कारणासाठी तरी लांब, लवचीक असं काहीही रिसायकलिंगच्या डब्यात टाकू नका, मग ते कशाचंही बनलेलं असो.

पुठ्ठ्याची खोकी उघडून सपाट करा. एकात एक घुसवू नका, आणि डब्यात डबा तर मुळीच बसवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात प्लॅस्टिकचा पेला अडकला तर यंत्राला दोन्हींपैकी एकच काहीतरी दिसतं. लोखंड चुंबक ओढून घेतो, अ‍ॅल्युमिनियम बदलत्या चुंबकीय क्षेत्राच्या धक्क्याने बाजूला उडतं, प्लॅस्टिक अवरक्त प्रकाशाने ओळखलं जातं. काळ्या प्लॅस्टिकमधली काजळी हा प्रकाश गिळून टाकते, म्हणून काळे ट्रे बहुतेक ठिकाणी ओळखलेच जात नाहीत. बाटलीचं झाकण बाटलीवरच घट्ट बसवा, कारण सुटं झाकण लहान असल्यामुळे जाळीतून काचेच्या चुऱ्यात पडतं. यंत्रात बारीक फाडलेला कागदही असाच गळून जातो. धातूचं जे काही असेल ते मात्र शोधून शोधून टाका: जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवं बनवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. बाकीच्या सगळ्या डब्यांत मिळून इतका सरळ फायदा दुसरा नाही.

प्लॅस्टिकच्या तळावरच्या त्रिकोणातल्या आकड्याने फसू नका. १ ते ७ हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले ते प्लॅस्टिकची जात सांगायला. वस्तू तुमच्या शहरात रिसायकल होते की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. बाणांमुळे तसा समज होतो हे मान्य करून २०१३ मध्ये मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आणला, पण जुने साचे अजून वापरात आहेत. सर्वसाधारणपणे १ आणि २ क्रमांकाच्या बाटल्यांना गिऱ्हाईक असतं, ५ ला काही ठिकाणी. पुढचं यादीत बघा.

काचेच्या बाबतीत फक्त बाटल्या आणि बरण्या. ओव्हनमध्ये वापरायची काचेची भांडी, आरसा, पेले, दिवे यांची काच वेगळ्या घडणीची आणि वेगळ्या तापमानाला वितळणारी असते. तिचे थोडे तुकडेसुद्धा नव्या बाटल्यांसाठी वितळवलेल्या काचेत खडे सोडतात. दुकानातली गुळगुळीत पावती उष्णतेने छापलेली असते, ती कचऱ्यात टाका. तोंड पुसायचे मऊ कागद, तेलकट पुठ्ठा हेही तिथेच. एखाद्या वस्तूबद्दल ‘चालेल बहुधा’ असं वाटलं तर ती कचऱ्यात टाका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण आशेने टाकलेली चुकीची वस्तू बाकीच्या मालालाही खाली ओढते.

आता ज्या वस्तू कोणत्याच डब्यात जायच्या नाहीत त्या. बॅटऱ्यांना इथे पहिला मान, आणि तो मी मुद्दाम देतो आहे. कचरागाडीत माल दाबण्याचं यंत्र असतं. लिथियमची बॅटरी त्यात चिरडली की आतल्या थरांची गाठ पडते, ती तापते आणि पेट घेते. भोवती सगळा कोरडा कागद. जुना फोन, पॉवर बँक, विजेवरचा टूथब्रश, बिनतारी हेडफोन, वाजणारं खेळणं किंवा शुभेच्छापत्र या सगळ्यांत बॅटरी असते हे लक्षात येत नाही. अशा वस्तूंसाठी एक डबा वेगळा ठेवा, बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि शहराच्या संकलन केंद्रावर नेऊन द्या. फोन देण्याआधी त्यातला मजकूर पुसा. फुगलेली बॅटरी मात्र साठवत बसू नका, लगेच पोचवा.

रंग, थिनर, गाडीचं इंजिन ऑइल, कीटकनाशकं, गॅसचे छोटे सिलिंडर, पारा असलेले दिवे हे मूळ बाटलीत किंवा खोक्यात, नावाची चिठ्ठी शाबूत ठेवून घातक कचऱ्याच्या दिवसासाठी जपा. उरलेलं दोन बाटल्यांतलं एका बाटलीत ओतून जागा वाचवू नका. ब्लीच आणि अमोनियाची साफसफाईची द्रव्यं एकत्र आली की विषारी वायू निघतो, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन. सुया आणि पाती जाड, न टोचणाऱ्या डब्यात बंद करून शहराच्या नियमाप्रमाणे द्या. पट्ट्यापाशी उभं असलेल्या माणसाच्या हातात हातमोजा असतो, पण सुईला तो काय अडवणार! फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत लिहून साध्या कचऱ्यात. शेगडीतली राख वरून थंड वाटली तरी आत निखारा दिवसचे दिवस टिकतो. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात पूर्ण निवू द्या, मगच पिशवीत भरा.

बागेच्या कचऱ्याला वेगळा हिशोब लागतो, कारण तो पुढे खत होऊन कोणाच्या तरी वाफ्यात जाणार असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने भरून देऊ नका. कागदी पिशवी किंवा नुसता डबा. ‘कंपोस्ट होणारी’ असं छापलेल्या पिशवीलाही मोठ्या प्रकल्पातली उष्णता आणि पुष्कळ आठवडे लागतात, त्यामुळे अनेक खतप्रकल्प ती नाकारतात. फांद्या साधारण सव्वा मीटरच्या आत कापून, एका माणसाला उचलतील अशा मोळ्या सुतळीने बांधा, तार किंवा नायलॉन नको. माती आणि दगड झटकून टाका. ओलं गवत फसवं असतं: अर्धा डबाच भरलेला दिसतो आणि हलवायला दोघे लागतात, शिवाय दोन दिवसांत वास सुटतो. त्यापेक्षा कापलेलं गवत हिरवळीवरच पसरू दिलं तर त्यातला नत्र जमिनीत परत जातो आणि उचलायचं कामही उरत नाही.

तणनाशक मारलेलं गवत या डब्यात घालण्याआधी औषधाच्या बाटलीवरची सूचना नीट वाचा. क्लोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं खत होतानाही मोडत नाहीत; अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशा खतामुळे टोमॅटोसारखी रोपं वाकडी-तिकडी झाली होती. रोगट झाडं आणि बियांवर आलेलं तण तुमचं शहर घेतं का ते विचारा. व्यवस्थित चालवलेल्या प्रकल्पात ढीग ५५ अंश सेल्सियसच्या वर काही दिवस ठेवून बहुतेक रोगजंतू आणि बिया मारतात, घरच्या ढिगाऱ्यात एवढी उष्णता क्वचितच येते. पाळीव प्राण्यांची विष्ठा आणि औषध लावलेलं लाकूड मात्र इथे नकोच.

मोठं सामान आधी फोन करून, वेळ घेऊनच बाहेर काढा. गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. फ्रिजमधला वायू काढून घ्यायला प्रशिक्षित माणूस लागतो, तो तुम्ही सोडू नका. पण दार काढून ठेवणं किंवा पक्कं बांधणं तुमच्या हातात आहे, कारण लहान मूल खेळता खेळता आत शिरलं आणि दार लागलं तर आतून ते उघडत नाही. अमेरिकेने १९५६ साली घरगुती फ्रिज आतून उघडता यायलाच हवा असा कायदा केला तो अशाच मृत्यूंनंतर.

शेवटी डबा बाहेर ठेवणं. शहराने दिलेल्या वेळेआधी नको, प्राणी आणि वारा दोघेही पिशव्या फाडतात. यांत्रिक हाताने उचलणारी गाडी असेल तर मूठ घराकडे, झाकण रस्त्याकडे उघडेल असं ठेवा, दोन डब्यांत आणि उभ्या गाडीपासून साधारण एक मीटर मोकळं, वर फांदी किंवा तार नको. झाकण पूर्ण बसलं पाहिजे. वर डोकावणारी एक पिशवी डबा उलटा होताना रस्त्यावरच पडते. गाडी येऊन गेली आणि तुमचा डबा तसाच भरलेला असला, तर तक्रारीचा फोन लावण्याआधी झाकणावर चिठ्ठी आहे का बघा. चिठ्ठीवर बहुधा कारण लिहिलेलं असतं. ती नसेल आणि शेजाऱ्यांचे डबे रिकामे असतील, तर त्याच दिवशी कळवा. अनेक शहरं ठरावीक मुदतीनंतर चुकलेला फेरा पुन्हा करत नाहीत, आणि डबा तोवर बाहेरच राहू द्यायचा की आत आणायचा हे फोनवरच विचारून घ्या.