तबेल्याचं शेण खाडीत सोडतात? तक्रार तिथी बघून करा

आमचं घर ठाण्यातल्या बाळकुमचं, कोळ्याचं. कशेळीच्या पुलाखाली उल्हास नदी खाडी होते, तिथं बाबा बोईट पकडायचे. आज जाळं ओढलं की शेणाचा रबडा लागतो. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. शंभर म्हशींचं दीड-दोन टन. ते पाण्यात कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं, मासा वर येऊन तोंड मारतो आणि मरतो.

पहिल्या अर्जात मी नुसतं ‘दुर्गंधी येते’ असं लिहिलं होतं. पाहणीला माणूस आला तेव्हा पूर्ण भरती, नाल्याचं तोंड पाण्याखाली. ‘काही आढळले नाही’ असा शेरा पडला. फार जीव तुटला.

म्हणून आधी कालनिर्णय उघडा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी सहा तासांनी, नऊच्या सुमारास; खाडीत आत थोडा उशीर धरा. पहाटेचं दूध काढून झालं की गोठे धुतात. चतुर्थी-पंचमीच्या सकाळी पाईप उघडा पडलेला असतो आणि वाहतही असतो. फोटोत पाईप, मागचा तबेला आणि विजेच्या खांबाचा नंबर एकत्र येऊ द्या. तारीख-वेळ हवीच. आवारात शिरू नका, गड्यांशी भांडू नका. त्यांच्या हातात काही नसतं.

बाटलीत पाणी भरून नेऊ नका. कायद्याने ग्राह्य नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. अर्जात तीच मागणी करा, तिथी आणि वेळ देऊन: ‘अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता नमुना घ्यावा.’

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. ठाणे, कल्याण, नवी मुंबई अशी वेगळी प्रादेशिक कार्यालयं आहेत, आपली हद्द कुठली ते फोनवर विचारून घ्या. प्रत महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

‘तबेले आमच्याकडे येत नाहीत’ असं ऐकवलं जाईल. तेव्हा जल प्रदूषणाचा १९७४ चा कायदा आणि केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या दुग्धशाळा-गोशाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना, दोन्हींचा उल्लेख लेखी करा. मग माहिती अधिकारात विचारा: या तबेल्याला मंडळाचं संमतीपत्र आहे का? शेवटची पाहणी कधी झाली, नमुन्याचा अहवाल काय? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. नियम कागदावर आहेत, पण विचारणारा नसला की ते कागदावरच राहतात. माहिती अधिकारातला हा एक अर्ज माझ्या दहा तक्रारींपेक्षा जास्त हलवून गेला.

हे चालू असताना दिवस मोजत राहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्याला आहे आणि तिथं प्रकरण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. माझ्या पहिल्या फोटोच्या तारखेभोवती मी लाल गोल केलाय आणि सहाव्या महिन्याच्या पानावर दुसरा.