रात्री भिजवलेला ब्रेडचा गोड नाश्ता: तळाचा लगदा असा थांबला

सुट्टीत घरभर पाहुणे, म्हणून ब्रेड रात्रीच दूध-अंड्यात भिजवायचा आणि सकाळी वाफवायचा. वरून छान फुगायचा. सुरी घातली की खाली गचगचीत लगदा. दोष ताज्या ब्रेडचा. तो आधीच ओलसर असतो, दूध धरून ठेवत नाही, विरघळतो. आता 10 स्लाइसचे तुकडे तव्यावर मंद आचेवर कडक होईस्तोवर शेकतो. मग 3 अंडी, अर्धा लिटर थंड दूध, 100 ग्रॅम साखर, वेलची, चिमूटभर मीठ फेटून तूप लावलेल्या डब्यात तुकड्यांवर ओतायचं, दाबायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. संत्र्याची साल किसून घाला. रस नको, दूध फाटतं.

सकाळी डब्याला घट्ट झाकण, नाहीतर वाफेचं पाणी आत गळतं. कुकरमध्ये दोन बोटं पाणी, स्टँड, शिटी काढून मंद आचेवर 50 मिनिटं. मोठ्या आचेवर अंडं आकसून पाणी सोडतं, जाळी पडते. मधोमध काडी कोरडी निघाली की उतरवा, 15 मिनिटं हात लावू नका.

विजेचा भरवसा नसेल, फ्रिज बंद पडत असेल, तर अंड्याचं दूध रात्रभर ठेवूच नका. ब्रेड तेवढा शेकून ठेवा, सकाळी अर्धा तास भिजवला तरी पुरतो.