बंद पडलेले पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळ पुन्हा कसे लावावे

रत्नागिरीत उंची यांत्रिक घड्याळे जमवणाऱ्याला खारी, दमट हवा आणि पावसाळ्यातली बेभरवशाची वीज यांच्याशी आधी जुळवून घ्यावे लागते. हवेचा बंदोबस्त सोपा आहे. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि 50 टक्क्यांच्या आसपास राहणारा आर्द्रतामापकाचा आकडा एवढे पुरते. चामडी पट्टा मात्र काढून वेगळा ठेवावा, नाहीतर आषाढातच त्याला बुरशी धरते. विजेचे तसे नाही. वादळात दोन-तीन दिवस वीज गेली की घड्याळ फिरवत ठेवून त्याला चावी देणारे विजेवरचे यंत्र, म्हणजे वाइंडर, थांबतो. पाठोपाठ पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळही, म्हणजे महिन्यांचे कमीजास्त दिवस आणि लीप वर्ष स्वतःच धरून तारीख दाखवणारे घड्याळ, थांबते, आणि तारीख, वार, महिना, लीप वर्ष व चंद्रकला हे सगळे पुन्हा लावावे लागते.

इथे जो तो एकच सल्ला देतो, की रात्री तारीख बदलू नये. हा सल्ला अर्धवट असल्यामुळेच घातक आहे. मी तो पाळून सकाळी दहाला, चांगल्या उजेडात तारखेचे बटण दाबले आणि आतून बारीकशी ‘कट्’ ऐकू आली. घड्याळ थांबले होते अकरा वाजून वीस मिनिटांवर, आणि ते अकरा रात्रीचे होते. तारीख पुढे ढकलणारी पट्टी साधारण रात्री आठ-नऊपासूनच चाकाच्या दात्यांत शिरू लागते. त्या वेळी बटण दाबले की दोन्हीकडून जोर येऊन दाता तरी मोडतो, नाहीतर पट्टी तरी वाकते. बाहेर उजाडले आहे की नाही हे घड्याळाला कळत नाही, त्याला फक्त स्वतःचे काटे ठाऊक असतात. दुरुस्तीला आठ महिने लागले.

म्हणून आधी पूर्ण चावी द्यावी. मग चावी ओढून काटे पुढच्याच दिशेने, तारीख बदलेपर्यंत फिरवावेत. ती घड्याळाची मध्यरात्र. तिथून काटे सकाळच्या आठावर न्यावेत आणि मगच बटणांना हात लावावा. कडेच्या खाचेतले बटण घड्याळासोबत आलेल्या टोच्यानेच, सरळ आणि शेवटपर्यंत दाबावे. सेफ्टी पिन वापरणाऱ्याने हा छंद सोडावा हे बरे. बटणांचा क्रम माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, कारण काही घड्याळांत एका बटणाबरोबर दुसरी तबकडीही सरकते.

आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या 1985च्या ‘दा विंची’ घड्याळाप्रमाणे सगळे कॅलेंडर एकाच चावीवर चालत असेल, तर ते मागे येत नाही. चार दिवस पुढे गेलात तर घड्याळ बंद ठेवून चार दिवस थांबावे.

चंद्रकलेसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पूर्ण चंद्र खिडकीच्या मधोमध आणावा आणि गेल्या पौर्णिमेला जितके दिवस झाले तितक्या वेळा बटण दाबावे. नेहमीचे 59 दात्यांचे चाक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरते, प्रत्यक्षात तो सुमारे 44 मिनिटांनी मोठा असतो. त्यामुळे अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळाने एका दिवसाचा फरक पडतो. तो घड्याळाचा दोष नव्हे.

शेवटी काटे चालू वेळेवर आणावेत. दुपार उलटून गेली असेल तर ते बारावरून एकदा पुढे न्यायला विसरू नये, नाहीतर उद्याची तारीख उद्या भर दुपारी बदलेल.