पिचर पारखताना काय पाहावे

शालेय बेसबॉल स्पर्धेत पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) निवडायला बसणारे आपण बहुतेक जण क्रिकेटवरच वाढलेले असल्यामुळे जोरात फेकणाऱ्या मुलाकडे आपली नजर आधी वळते. अमेरिकेतल्या मायनर लीगच्या (सर्वोच्च लीगच्या खालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या) सामन्यांना स्पीडगन घेऊन बसणारे निवडकर्तेही वेग मोजतात. परंतु त्यांच्या वहीत तो अनेक रकान्यांपैकी केवळ एक असतो. फास्टबॉल (वेगवान फेक), कर्व्हबॉल (वळणारी फेक), चेंजअप (फास्टबॉलसारखी दिसणारी पण संथ फेक) आणि नियंत्रण यांना ते 20 ते 80 या मापावर वेगवेगळे गुण देतात, आणि प्रत्येक गुण दोनदा लिहितात : एक आजचा, दुसरा हा मुलगा पुढे कुठवर जाईल याचा.

सर्वप्रथम टेप घेऊन अंतर मोजावे. पिचर जिथून फेकतो त्या पाटीपासून होम प्लेटपर्यंत (फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंत) 18.44 मीटर हवेत, पण तालुक्याच्या मैदानावर पाटी पुष्कळदा पावले मोजून ठेवलेली असते, आणि दोन पावले पुढे आलेल्या पाटीवरून कोणताही मुलगा वेगवान भासतो.

त्यानंतर काही वेळ कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) मागे जाळीआड उभे राहून चेंडू किती व केव्हा वळतो ते पाहावे, आणि मग बाजूला जाऊन केवळ शरीर पाहावे, चेंडू नव्हे. येथे मराठवाड्यातली काळी माती आपल्या कामी येते. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाचा डावा पाय जिथे पडतो तिथले ठसे इनिंग संपताच जाऊन पाहावेत : ते एकावर एक, तळहाताएवढ्या जागेत पडले असतील तर त्याची फेक दर वेळी सारखी होत आहे, हातभर विखुरले असतील तर चेंडूही तसाच विखुरणार. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर ठसा उमटत नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी तेवढ्या जागेवर पाणी मारून ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या इनिंगनंतर पुन्हा पाहावे, कारण दमलेल्या मुलाचे पाऊल आखूड पडू लागते.

बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) प्रतिस्पर्धी रनर आल्यावर पिचरचे काय होते, हे मी वहीत वेगळे लिहितो. एका स्पर्धेत मी केवळ वेगावर भाळून एक मुलगा निवडला होता. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून सोपा चेंडू सुटला आणि त्यानंतर त्या पिचरला सलग तीन फलंदाजांना एकही स्ट्राइक (ठरलेल्या पट्ट्यातून जाणारा चेंडू) टाकता आला नाही. दोष माझ्या पाहण्यात होता.

प्रत्येक पिचसाठी, म्हणजे पिचरच्या एकेका फेकीसाठी, वहीत एक रेघ ओढून मोजणी ठेवावी. अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांनुसार 15-16 वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 95 पिच ही कमाल मर्यादा आहे, आणि 76 किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती सांगितली आहे. आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात, त्यामुळे सकाळी सामना खेळलेल्या मुलाला दुपारच्या खेळावरून नापास करू नये. उलट कोपराच्या आतल्या बाजूला दुखते का, हे त्याला बाजूला घेऊन विचारावे, कारण संघासमोर तो नाहीच म्हणेल.

शोध मात्र बेसबॉलच्या मैदानापुरता ठेवू नये. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघेही मूळचे भालाफेकपटू होते. आपल्याकडे एका दगडात नेमकी हवी ती कैरी पाडणारा मुलगा कोणत्याही गावात सापडेल.

शेवटी, सामना संपल्यावर, मुलाला पाच पिच मागाव्यात, त्याही फलंदाजाच्या गुडघ्याजवळ, बाहेरच्या कोपऱ्यात. कॅचरला तिथे मिट (झेलण्याचा जाड हातमोजा) धरायला सांगून तो किती वेळा हलवावा लागला, एवढेच मोजावे.