इंजिन ऑइलची गळती शोधताना आणि थांबवताना या चुका टाळा

सकाळी मोटारसायकल बाहेर काढताना फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. मालक वाकून पाहतो, तेव्हा इंजिनाच्या तळाशी ड्रेन बोल्टवर (जुने तेल काढण्यासाठी उघडतात त्या बोल्टवर) थेंब लोंबत असतो. मग पाना आणून तो बोल्ट आवळला जातो. दोन दिवसांनी डाग पुन्हा दिसला की बोल्ट आणखी आवळला जातो आणि एके दिवशी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या घराच्या, ॲल्युमिनियममधल्या आट्या निघून येतात. मूळ गळती कदाचित वीस-तीस रुपयांच्या रबरी रिंगची असते; आता मात्र आट्या नव्याने पाडून घेण्याचे काम होऊन बसते.

तेल जिथून बाहेर पडते तिथे ते थांबत नाही, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे. उभ्या गाडीवर ते उताराने खाली येते, चालत्या गाडीवर वाऱ्याच्या झोताने मागे सरकते, पंख्यांच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांच्या) खाचांतून आणि जोडांच्या कडांवरून वाट काढते आणि जो भाग सर्वांत खाली आहे तिथे थेंब होऊन लोंबते. ड्रेन बोल्ट सर्वांत खाली असल्यामुळे बहुतेक वेळा त्याच्यावरच संशय येतो. गळतीचे मूळ मात्र ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाला शोधायचे असते.

माझ्या वडिलांची शंभर सीसीची, आडव्या सिलिंडरची गाडी अशीच गळत होती. ड्रेन बोल्टचा वॉशर दोनदा बदलून झाला होता आणि मॅग्नेट कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूच्या एका झाकणाच्या) कडेने सिलिकॉनचा गम फासून झाला होता, तरी थेंब काही थांबत नव्हता. आडव्या सिलिंडरच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरचे व्हॉल्व्ह असलेले टोक, पुढच्या चाकाच्या दिशेला असते आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची फट तपासण्याची) दोन झाकणे हेडच्या वर आणि खाली असतात. वरचे झाकण सहज दिसते, खालचे पाहायला मात्र जमिनीवर आडवे व्हावे लागते. इंजिन धुऊन, टाल्कम पावडर मारून, दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर टॉर्चच्या उजेडात त्या खालच्या झाकणाच्या कडेला केसाएवढी पिवळट रेघ दिसली. तिथून निघालेले तेल वाऱ्याने सिलिंडरच्या पोटाखालून मागे जात होते, चेंबरच्या तळावर पसरत होते आणि ड्रेन बोल्टवर येऊन लोंबत होते. झाकण उघडले तेव्हा आतली ओ-रिंग (गोल रबरी रिंग) चपटी झालेली होती आणि बोटांनी वाकवताच प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी मोडली. नवी रिंग तेलाचे बोट लावून बसवली आणि काम संपले.

मळलेल्या इंजिनावर गळती शोधणे ही दुसरी मोठी चूक. धूळ आणि तेल मिळून जो काळा थर बसतो तो कित्येक महिन्यांचा असतो. त्यातले आजचे तेल कोणते आणि जुने कोणते हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे इंजिन पूर्ण थंड झाल्यावर डिझेल किंवा रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन हेडपासून तळापर्यंत, पंख्यांच्या खाचांसह, ते घासून काढावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. पेट्रोलने धुऊ नये, कारण त्याची वाफ ठिणगीने किंवा गरम सायलेन्सरमुळे पेट घेऊ शकते. वॉटर सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यावरही विसंबू नये. पाणी एअर फिल्टरमध्ये आणि वायरिंगच्या जोडांमध्ये शिरते, आणि खाचांतला थर बऱ्याचदा तसाच राहतो.

इंजिन कोरडे झाले की टाल्कम पावडरचा पातळ थर जोडांवर फुंकून बसवावा. पावडर एअर फिल्टरच्या तोंडाशी जाऊ देऊ नये. मग गाडी मोकळ्या जागेत चालू करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. पाच मिनिटांनी पाहावे, मग पाच-दहा किलोमीटर फिरवून पुन्हा पाहावे, कारण काही गळती केवळ तेल गरम होऊन पातळ झाल्यावर किंवा इंजिनाचे फेरे वाढल्यावरच सुरू होते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून त्यावर पुढच्या चाकाची दिशा खुणेने लिहून ठेवावी. सकाळी डाग पुढे आहे की मागे, डावीकडे की उजवीकडे, हे नेमके सांगता येते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि डबल स्टँडवर सरळ राहते. त्यामुळे एक रात्र अशी आणि एक रात्र तशी लावून पाहिली तर आणखी माहिती मिळते. या कामाला दोन दिवस लागतात, आणि हे दोन दिवस वाचवण्याच्या नादातच बहुतेक पैसे वाया जातात.

चेन फिरते त्या पुढच्या छोट्या स्प्रॉकेटच्या झाकणामागे सर्वांत जास्त फसगत होते. तिथे इंजिनाबाहेर येणारा मुख्य शाफ्ट, गिअरच्या पायपट्टीचा शाफ्ट आणि अनेक गाड्यांवर न्यूट्रल स्विच, असे तीन भाग वीतभर अंतरात असतात. पहिल्या दोघांना ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, असते, न्यूट्रल स्विचला ओ-रिंग. तिघांपैकी कुणीही गळले तरी थेंब एकाच जागी पडतो. शिवाय चेनला लावलेले तेल आणि धूळ यांचा चिखलही तिथेच साचतो. त्या चिखलालाच गळती समजून सील बदलून घेणारे मी अनेकदा पाहिले आहेत. तो भाग साफ करून शंभरेक किलोमीटर चेनला तेल न लावता गाडी चालवावी आणि मग झाकण काढून पाहावे. जाड, चिकट, खरखरीत काळपट लगदा असेल तर तो चेनचा आहे. पातळ, वाहते, बोटांवर घसरणारे तेल शाफ्टच्या भोवती असेल तर ते इंजिनाचे आहे.

सील खरोखरच गेलेले असेल, तर ते का गेले हेही विचारले पाहिजे. अनेकदा कारण चेन असते. चेन गरजेपेक्षा जास्त ताणली की शाफ्ट सतत मागे ओढला जातो, बेअरिंग ढिले होते आणि शाफ्ट थरथरत फिरू लागला की सीलची रबरी कड झिजते. बहुतेक कम्यूटर (रोजच्या वापराच्या) गाड्यांच्या चेनला मध्यभागी साधारण २ ते ३ सेंटिमीटर वर-खाली खेळ लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. जाणवण्याइतका हलत असेल तर नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळेल. शाफ्टवर सीलची कड जिथे घासते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तरीही तेच होईल.

सील बसवतानाच ते खराब करणे ही चूक गॅरेजमध्येही सर्रास होते. जुने सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना ते ज्या खोबणीत बसते तिच्या भिंतीवर ओरखडा पडला की तेल नव्या सीलच्या बाहेरून पाझरते. नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत ठेवायची असते. कडेला थोडे तेल किंवा ग्रीस लावावे, शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे दात रबर कापत नाहीत, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाचे सॉकेट त्यावर ठेवून ते चारी बाजूंनी सारखे दाबत न्यावे. हातोड्याने एका बाजूला ठोकलेले सील तिरके बसते आणि पहिल्याच दिवसापासून गळते.

आता सिलिकॉनच्या गमविषयी, ज्याचा मला मनापासून राग येतो. बाहेरून फासलेला गम तेल थांबवत नाही. आतले तेल त्याला मागून ढकलत राहते आणि गळतीची खरी जागा मात्र गमाखाली दडून जाते. पॅकिंगऐवजी (दोन भागांच्या जोडात घालतात त्या पातळ गॅस्केटऐवजी) किंवा पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी भरपूर लावलेला गम त्याहून वाईट. झाकण आवळताना जितका गम बाहेर येतो तितकाच आतही जातो. एका इंजिनाचे क्लच कव्हर उघडले तेव्हा तळाच्या जाळीवर लाल गमाच्या शेवया गुंतलेल्या मी पाहिल्या आहेत. ऑइल पंप याच जाळीतून तेल ओढतो. जाळी तुंबली की हेडपर्यंत तेल पोहोचत नाही, मग कॅम आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, खराब होतात. कागदी पॅकिंग असलेल्या जोडाला नवे, योग्य जाडीचे पॅकिंग पुरेसे असते. गम वापरायचाच असेल तर कंपनीने सांगितलेल्या जागीच आणि अगदी पातळ वापरावा.

जुने पॅकिंग चिकटून बसले असेल तर पटाशीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. ॲल्युमिनियम मऊ असते आणि एक खोल ओरखडा म्हणजे तेलाला कायमची वाट. पॅकिंग काढण्याचे द्रावण लावून ते मऊ करावे आणि प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने सोलून काढावे. झाकण काढताना डॉवेल पिना (झाकण नेमके जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) आणि छोट्या ओ-रिंगा कुठून निघाल्या याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण जोडाच्या मध्ये तेलाची वाट असेल तर तिथली राहून गेलेली एक रिंग संपूर्ण काम फुकट घालवते.

कव्हरचे बोल्ट सहसा ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो, म्हणजे छोटा पाना मनगटाच्या जोराने फिरवण्याइतका. लांब दांड्याचा पाना आणि खांद्याचा जोर लावला की आट्या जातात, किंवा कव्हर बोल्टजवळ दबून मधल्या भागात उचलले जाते आणि गळती वाढते. बोल्ट एका टोकापासून ओळीने न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ड्रेन बोल्टचा वॉशर दर ऑइल बदलीला नवा घालावा; तो दबून सील होण्यासाठीच असतो.

काही वेळा सील आणि पॅकिंग निर्दोष असतात आणि गळतीचे कारण आतला दाब असतो. पिस्टनच्या बाजूने निसटणारा वायू ब्रीदर पाइपने बाहेर जायला हवा. हा पाइप टाकीखाली चेंगरला, चिखलाने तुंबला किंवा बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारमाशीने त्यात घर केले, तर दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर सीलमधून बाहेर पडते. म्हणून एकाच वेळी दोन-तीन जागा गळू लागल्या तर पाना घेण्याआधी ब्रीदर पाहावा. तो मोकळा असूनही सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि तेल कमी होत असेल, तर पिस्टन रिंग झिजल्याची शक्यता मोठी असते. तिथे सील बदलत बसण्यात अर्थ नाही.

जास्त भरलेले तेलही ब्रीदरमधूनच बाहेर येते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना ऑइल बदलताना लिटरपेक्षा कमी तेल लागते, तरी लिटरची बाटली पूर्ण ओतली जाते. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची कांडी) आट्यांत फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हे मॉडेलप्रमाणे बदलते आणि तिथे चुकले तर मापही चुकते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र न भरताच पातळी वाढलेली दिसली तर डिपस्टिकचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल इंजिनात झिरपते आहे. ते तेल ताबडतोब बदलावे आणि सुई दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा.

गळती थांबावी म्हणून ठरलेल्या १०डब्ल्यू-३० ऐवजी (तेलाच्या दाटपणाच्या या ठरलेल्या श्रेणीऐवजी) जाड तेल भरणे किंवा गळती बंद करणारे औषध ओतणे हेही टाळावे. जाड तेल थंड इंजिनात वर पोहोचायला वेळ घेते आणि फाटलेले सील त्याने जुळत नाही. मोटारसायकलचा क्लच बहुधा याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे कारचे तेल किंवा अनोळखी औषध घातले तर तो घसरू शकतो. बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (असा क्लच घसरू न देणाऱ्या मोटारसायकल तेलाचे जपानी मानक) लिहिलेले पाहूनच तेल घ्यावे.

तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमकडे उडत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. पावसाळी रस्त्यावर वळताना टायर घसरायला तेवढे तेल पुरते. दुरुस्तीनंतर पुन्हा पावडर मारून पन्नास किलोमीटर चालवावे, पातळी तपासावी आणि पुठ्ठा तीन रात्री तसाच अंथरून ठेवावा. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.